घडी घालायची, घडी मोडायची

नाही, नाही — ते खोकं खालीच राहू दे, टेबलावर नको. उघडून दाखवायचीही गरज नाही, मला ठाऊक आहे आत काय आहे ते. टोपी. कपाळावर कॅमेरा, मागे पट्टा, कमरेला बॅटरी. तू दारात उभी राहिलीस, गळ्यातलं कंपनीचं कार्ड दिसलं, तेव्हाच ओळखलं मी. बस, बस. चहा घेशील ना? ठेवलाच होता, एकटीपुरता होता म्हणून पाणी वाढवलंय — तेवढा फिका चालवून घे. आणि तुला काय सांगायचंय ते नंतर. आधी मी बोलते. कारण तू एकदा सुरू झालीस की मला नाही म्हणता येणार नाही, जन्माची भिडस्त आहे मी, म्हणून आधीच सांगून टाकते — टोपी मी घालणार नाही. झालं. आता घे चहा.

का म्हणून विचारू नकोस. बरं, विचार. सांगते ना. तू नवी दिसतेस, तुला तो हॉल माहीत नसेल. तुमच्या कंपनीनं भाड्यानं घेतलेला — आधी फर्निचरचं गोडाऊन होतं ते, भिंतींना अजून पॉलिशचा वास यायचा. लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर टोपली, टोपलीत टॉवेल, उशांचे अभ्रे, शर्ट, चादरी, आणि टेबलामागं एकेक बाई. जाहिरात काय होती माहितेय? घड्या घालता येणाऱ्या महिला पाहिजेत. मी वाचलं आणि हसत सुटले — घड्या घालता येणाऱ्या! म्हणजे न येणाऱ्याही असतात की काय? नवरा गेल्यापासून मी ऑफिसांच्या फरशा पुसत होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हटलं उभ्यानं करायचं काम आहे, डोक्यावर पंखा आहे, जावं. पहिल्या दिवशी टोपी चढवली, टोपलीभर घड्या घातल्या, छान थप्पी रचली आणि साहेबांना विचारलं — साहेब कसला, तुझ्याच वयाचा मुलगा — म्हटलं, ही थप्पी न्यायची कुठं? तर म्हणे, कुठं नाही, मोडा. म्हटलं, काय? मोडा आणि परत घाला. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती गं, तेच काम होतं. घडी घालायची, घडी मोडायची. दिवसभर. तो टॉवेल कुणाला नकोच होता — माझे हात कसे हलतात तेवढंच हवं होतं. मशीनला शिकवायला. शेवटी शेवटी त्या टॉवेलांच्या कडा विरल्या. नुसत्या घड्या घालून घालून विरल्या, एकाही टॉवेलनं कधी कुणाचं अंग पुसलं नाही. मला त्या टॉवेलांची कीव यायची.

आणि खरं सांगू? सुरुवातीला मला आवडलं होतं ते काम. हसू नकोस. सगळा संसार झाला माझा, नवऱ्याचे शर्ट मी घडी घालून ठेवत गेले आणि त्याला वाटायचं शर्ट कपाटातच उगवतात. चांगला होता तो, हं — मारणं नाही, पिणं नाही — पण घडी त्याला कधी दिसली नाही. चुरगळलेला शर्ट मात्र बरोब्बर दिसायचा! आणि इथं बघ — इथं समोर पडदा, पडद्यावर माझे हात हे एवढे मोठे, आणि कंपनीची कोण कोण माणसं येऊन बघतायत. एकजण माझ्या टेबलापाशी थांबला, म्हणाला, काय सफाई आहे बाईंच्या हाताला. आता बोल! एवढी वर्षं घरात कुणाला न दिसलेली गोष्ट त्या परक्या माणसाला दिसली. मी तरंगतच घरी आले. आईला सांगितलं. आई म्हणाली, मग, शिकवलंय कुणी? आई म्हणजे ही, आतल्या खोलीत आहे ती. लोकांचे कपडे धुवायला घ्यायची आमची आई, त्याच्यावरच आम्ही दोघी वाढलो, मी आणि धाकटी.

तर आईची एक सवय. हे बघ — ह्या फडक्याची घडी घातली समज. वरून तळहात फिरवायचा, असा सरळ. मग हात उलटा करायचा आणि बोटांची पाठ टेकवायची. का? ओल राहिलीय का ते बघायला. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही, बोटांच्या पाठीला कळतं. धाकटी धसमुसळी, तिनं काही ते घेतलं नाही, माझ्या मात्र अंगात भिनलं. आता त्या हॉलमध्ये ओल कुठली? ते टॉवेल जन्मात पाण्याला शिवले नव्हते. तरी दर घडीला माझा हात उलटा व्हायचा म्हणजे व्हायचाच. आणि तुमचे नियम तर तुला माहीतच आहेत — हात चौकटीबाहेर न्यायचे नाहीत, मान वर करायची नाही, काम चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आवाज आला की ते बाद — आणि जादा हालचाल करायची नाही. दिवस संपला की पडद्यावर यायचं, हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे बाद. लालचे पैसे नाहीत. माझं निम्मं काम लाल! तो मुलगा यायचा, काकुळतीला यायचा बिचारा — मावशी, तो हात उलटा नका ना करू, त्याला काही किंमत नाही. मी म्हणायची, बरं बाळा. आणि पुढच्याच घडीला हात उलटा.

मग एक दिवस काम संपलं. का, तर हात पुरेसे झाले म्हणे. गोळा झाले. असं म्हणाला तो — हात पुरेसे गोळा झालेत मावशी, थँक्यू. एक पिशवी दिली, कंपनीचं नाव छापलेली. मी परत फरशांवर. आता मला सांग, आजवर मजुरी म्हणजे काय होतं? दिवस द्यायचा आणि संध्याकाळी आपले हात घेऊन घरी यायचं. मालक कितीही द्वाड असू दे, दुसऱ्या दिवशी त्याला मला परत बोलवावं लागायचं. बोलवायचा की नाही? फरशी परत मळायची, मला परत बोलवायचा. रडत बोलवायचा पण बोलवायचा. त्या बोलावण्यावर जगलो आम्ही. आणि तुम्ही काय केलंत — एकदाच बोलवलंत, हात ठेवून घेतलेत, आणि आता मी आले काय नि न आले काय. पैसे दिले, हो, दिले, नाही कुठं म्हणते. दिवसाचे दिले. पण नेलं काय दिवसाचं? आईचं आयुष्य नेलंत त्यात, माझं नेलंत. त्याचा भाव कुणी ठरवला? मला विचारलं? — विचारलं, सही घेतली, ठाऊक आहे. मोबाईलवर बोट टेकवलं मी. एवढं मोठं लिहिलेलं, कोण वाचतं? तू वाचलंस तुझं? बघ.

थांब हं, आई हाक मारतेय. — आले गं! कुणी नाही, कंपनीची मुलगी आहे. — नाही, माझ्याकडं आलीय. — पाणी देते, थांब.

हं. काय सांगत होते? धाकटी. धाकटी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. गरम गरम चादरी यायच्या ड्रायरमधून, हात भाजायचे, पण पाचसात जणींचा कंपू छान होता, दिवसभर खिदळायच्या. घड्यांचं टेबल धाकटीच्या हाताखाली. तिथं मशीन आलं. काचेच्या खोलीत ठेवलं, दोन हात, डोकं नाही. बायकांनी त्याचं नाव ठेवलं सूनबाई — नवी आहे, हळू आहे आणि उलट बोलत नाही म्हणून! अभ्रा पाडायची, चादरीत स्वतःच गुंतून पडायची, बायका पोट धरून हसायच्या. धाकटी घरी येऊन नक्कल करायची तिची, हात असे ताठ करून — आई पडल्या पडल्या हसायची, ठसका लागेपर्यंत. मीही हसले. मला काय ठाऊक. मग सूनबाई सुधारली. आधी एक बाई कमी झाली, मग दुसरी. धाकटी म्हणायची, मला नाही काढायचे, टेबल माझं आहे.

आणि एका दुपारी धाकटी घरी आली. वेळ नव्हती तिची. चपलासुद्धा काढल्या नाहीत. कपाटातून टॉवेल ओढला, माझ्यापुढं टाकला, म्हणाली, घाल घडी. म्हटलं, अगं झालं काय? घाल म्हणते ना! घातली मी. तळहात फिरवला. आणि हात उलटा झाला. ती बघत होती — माझ्याकडं नाही, हाताकडं. म्हणाली, सूनबाईपण असंच करते. आजपासून. घडी घालते, वरून हात फिरवते आणि मग उलटा करून टेकवते. ताई, तो हात रबराचा आहे. त्याला ओल कळत नाही की कोरडं कळत नाही. तरी टेकवते. आपल्या आईसारखी. मला काढलं आज. — एवढं बोलली आणि आत आईजवळ जाऊन बसली. मी ती घडी तिथंच मोडून टाकली. कारण काय सांगू तुला, ते लाल होतं! तो उलटा हात ज्या ज्या घडीत होता ती प्रत्येक घडी लाल होती, बाद होती, एकीचे पैसे मला मिळाले नाहीत. म्हणजे बाद झालेलं बाद झालंच नव्हतं. ते पण घेतलं. माझ्याकडून फुकट घेतलं आणि माझ्या बहिणीच्या पोटावर आणून टाकलं. आणि तो म्हणतो किंमत नाही!

तेव्हापासून धाकटी माझ्याशी बोलत नाही. एकाच घरात राहतो, एकाच पातेल्यातलं खातो — औषध दिलं का, दूध आणलं का, एवढंच. सकाळी मी फरशा पुसायला जाते तेव्हा आईचं सगळं ती बघते, दुपारी ती एका म्हाताऱ्या बाईंकडं सोबतीला जाते तेव्हा मी बघते. मी म्हटलं तिला, अगं मला काय ठाऊक होतं? तर तोंड फिरवते. भांडली असती तर बरं. लहानपणापासून तिची नुसती बडबड — डोकं उठायचं माझं, गप्प बस म्हणून ओरडायचे — आणि आता घरात आवाज नाही. मला तिचं बोलणं परत हवंय गं. दुसरं काही नको. आणि तू ही टोपी घेऊन आलीस. काय म्हणे, आता घड्या नाहीत, आता माणसं. आजारी माणसाला अंघोळ कशी घालायची, कूस कशी बदलायची, भरवायचं कसं. बघितली मी ती जाहिरात. म्हणजे आता आईवर कॅमेरा. आणि उद्या काय, त्या म्हाताऱ्या बाईंकडं सूनबाई जाणार सोबतीला, आणि धाकटी तिथूनही घरी येणार, चपला न काढता. मी परत तेच करू? तूच सांग — नाही, सांगू नकोस, थांब.

आणि ते काही टोपी घालून शिकवण्यासारखं आहे का? आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, बाकी डोळे गेले. तिला हात लावायच्या आधी बोलावं लागतं. न बोलता हात लावला की दचकते, अंग आखडून घेते, मग कूस बदलताना दुखतं तिला. म्हणून आधी बोलायचं — आई, मी आलेय, आता डावा खांदा धरते. मानेखाली हा हात, असा, बोटं पसरून. मग म्हणायचं, झालं झालं — अजून झालेलं नसतं, पण झालं म्हटलं की ती अंग सैल सोडते, आणि त्या क्षणात फिरवायचं. पाठीवर पाणी टाकायच्या आधी तिच्या पायावर टाकायचं थोडं, म्हणजे कळतं किती गरम आहे ते. आणि भरवताना चमचा ओठाला लावून थांबायचं, आत कोंबायचा नाही, ती स्वतः — बघ! बघितलंस? असं घेता तुम्ही. तू काही विचारलं नाहीस नि मी बसल्या जागी सगळं देऊन बसले. टोपी नव्हती म्हणून बरं.

आता मात्र तू काहीतरी बोलणार, दिसतंय मला. चुळबुळ करतेस मघापासून. थांब गं, एकच विचारते. नुसतं विचारतेय, घालणार नाहीच आहे. ह्या कामात लालचे पैसे देतात का आता? — कारण आईची ती गोळी महागली आहे, आणि धाकटीला त्या बाईंकडं किती मिळतं ते ती सांगत नाही, पण तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय नि ती दोरा बांधून जाते. मी बघते ना रोज. म्हणून — म्हणून मी गेले होते त्या हॉलवर, मागच्या आठवड्यात. जाब विचारायला गेले होते. जाब विचारायलाच — आणि पाय निघेना माझा तिथून. शेवटी बाहेरच्या माणसाला म्हटलं, काही काम असलं तर नंबर लिहून घ्या. हो, दिला मी नंबर. मीच दिला. म्हणून तर तू आलीस, मला कळत नाही का? पण धाकटीला सांगायचं कसं, तेवढं कळेना. मला वाटलं, ती दुपारी नसते, त्या वेळात करावं, खोकं पलंगाखाली ठेवावं, तिला कळायचंही नाही. चार पैसे येतील, चपला घेऊन देईन, कुठून आल्या म्हणाली तर म्हणेन ऑफिसातल्या बाईंनी दिल्या. — हं, बोल आता. किती वेळ हात वर करतेस शाळेतल्यासारखा.

काय? परत सांग. धाकटीचं नाव कशाला घेतेस? — माझ्याकडं नाही आलीस? — नवी टोपी तिच्यासाठी, म्हणजे — जुनी बॅटरी तापते म्हणून बदलायची. अच्छा. म्हणजे जुनी आहे. ह्या घरात आहे. कधीपासून? — महिना. आणि वेळ सकाळची. बरोबर आहे, सकाळी मी फरशांवर असते, अंघोळ तेव्हाच असते आईची. नाही, मला ठाऊक नव्हतं. तू मला बोलू दिलंस एवढं? — हो, मीच बोलू दिलं नाही तुला. माझंच चुकलं.

तिचं लाल किती पडतं? — सांग की. एवढं सांगायला काय हरकत आहे, मी बहीण आहे तिची, मीही तेच काम केलंय. किती पडतं लाल?

एकही नाही.

महिनाभरात एकही नाही? म्हणजे नियम पाळते सगळे. हात चौकटीत, मान खाली, आणि आवाज — आवाज आला की बाद, हो ना? म्हणजे बोलत नाही ती. अंघोळ घालते, कूस बदलते, भरवते, आणि एक शब्द नाही. — आई मला रोज विचारते गं. रोज, मी कामावरून आले की. धाकटी माझ्यावर रागावलीय का? माझं काही चुकलं का? आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून सांगते, नाही गं आई, तुझ्यावर कशाला रागावेल, माझ्यावर रागावलीय ती. महिनाभर सांगतेय मी तिला हे.

ठेव तो कप. राहू दे, मी विसळते. खोकं तिथं दाराशी ठेव, भिंतीला टेकवून. नाही, सही मी नाही करणार, जिचं आहे ती करेल. मला काही सांगू नकोस आता, ऐकायचं नाही मला काही. ऊठ तू. ऊठ. आणि दार हळू ओढून घे — आई जागी आहे, आवाज झाला तर तिला वाटेल धाकटी आली.